पहिली वेलांटी आणि बाईंचा वेग

कोल्हापुरातल्या वाचनालयात किल्ल्यांवर एकसुद्धा पुस्तक नाही, असं कुणी मला सांगितलं असतं तर मी त्याला खुळ्यात काढलं असतं. तसं मी काढलंही. "कायतरी खुळ्यागत बोलू नका," असं फोनवर बोलून गेलो आणि मग लक्षात आलं की पलीकडं आमच्या वाचनालयाचे अध्यक्ष आहेत, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे.

"खुळा मी न्हाय, तुझा कॉम्प्युटर हाय," ते म्हणाले. "किल्ले म्हणून शोधलं, कायबी न्हाय. विहीर शोधलं, न्हाय. मिरचीवरची दोन पुस्तकं मी सोता आणून दिल्यात. मिरची शोधलं, तीबी न्हाय! आंबा सापडतोय, ऊस सापडतोय, म्हशी सापडत्यात. मिरचीनं काय घोडं मारलंय?"

मी चप्पल अडकवून निघालो. जाता जाता मनात म्हणत होतो, च्यायला, चांगलं करायला जावं आणि हे ऐकून घ्यावं.

कारण वाचनालयाची पुस्तकांची यादी माझ्याच प्रोग्रॅमवर चालायची. मी घरी बसून एका कंपनीचं काम करतो, ते पोटासाठी. जीव अडकलाय तो दुसरीकडंच. कॉम्प्युटरवर एक काळी खिडकी उघडते, तिच्यात अक्षरं टाइप करून हुकूम द्यायचा आणि कॉम्प्युटरनं खाली उत्तर द्यायचं. तिला टर्मिनल म्हणतात. पूर्वी टर्मिनल हे खरंखुरं यंत्र असायचं, पडदा आणि कीबोर्ड जोडलेलं. आता त्या यंत्राचं सोंग घेणारा प्रोग्रॅम असतो. बहुरूपी म्हणा की. तसला एक बहुरूपी मी गेली काही वर्षं फावल्या वेळात घडवतोय. कुठल्या कुठल्या देशांतली थोडी माणसं तो वापरतात. फुकट वापरतात आणि तक्रार मात्र सासऱ्याच्या तोऱ्यात करतात. बहुतेक तक्रारी कीबोर्डच्या. अमकं बटण दाबलं की तमकंच उमटतं, दोन बटणं एकदम दाबली की तिसरंच होतं. माणसाचं बोट आणि पडद्यावरचं अक्षर यांच्यामध्ये किती भानगडी असतात, हे त्यात पडल्याशिवाय कळत नाही.

वाचनालयाला कुणीतरी दिलेला जुना कॉम्प्युटर होता. त्याला जड काही झेपत नव्हतं. मी त्यावर माझं टर्मिनल बसवलं, आणि त्यात पुस्तकांची यादी करायचा साधा प्रोग्रॅम लिहून दिला. पुस्तकाचं नाव, लेखक, विषय, कपाट. माऊस नाही, चित्रं नाहीत. फक्त टाइप करायचं. आणि टाइप करायला होत्या बाई.

बाई म्हणजे आमच्या भागातल्या टायपिंगच्या बाई. त्यांच्या इन्स्टिट्यूटमध्ये शिकून कितीतरी पोरं नोकरीला लागली. मीही दहावीच्या सुट्टीत गेलतो. दोन महिन्यांत पळून आलो. बाई चुकलेल्या बोटावर फूटपट्टी मारायच्या आणि मला तेव्हापासूनच राग आवरत नाही. आजही मी दोन बोटांनी टाइप करतो. कीबोर्डचा प्रोग्रॅम लिहिणारा माणूस दोन बोटांनी टाइप करतो, हे त्या परदेशातल्या मंडळींना कृपा करून सांगू नका.

पुढं टाइपरायटर भंगारात गेले, इन्स्टिट्यूट बंद झाली, बाईंचे केस पांढरे झाले. वाचनालयाची हजारो कार्डं कॉम्प्युटरवर चढवायची ठरली तेव्हा बाई आपणहून आल्या. मानधन नको म्हणाल्या. "बसून बसून बोटं गंजायला लागल्यात. हाताला काम द्या," एवढंच म्हणाल्या. रोज अकराला यायच्या, चष्मा पुसायच्या, कार्डांचा गठ्ठा डाव्या बाजूला ठेवायच्या आणि सुरू. नजर कार्डावर, हात कीबोर्डवर. पडद्याकडं त्या बघायच्याच नाहीत. टायपिस्टनं नजर मजकुरावरून हलवायची नाही, हा त्यांच्या धंद्यातला पहिला धडा. बोटांकडं बघणारा कच्चा, आणि छापलेल्याकडं बघणारा त्याहून कच्चा.

तर मी पोचलो. अध्यक्ष एका बोटानं "किल्ले" टाइप करून शून्य दाखवत होते. मी दोन बोटांनी केलं. शून्य. मग बाई म्हणाल्या, "सरक बघू," आणि टकाटक "किल्ले" मारलं. पटापट ओळी आल्या. किल्लेच किल्ले.

अध्यक्ष माझ्याकडं बघायला लागले. "आता रं? पुस्तकं काय माणूस बघून भायेर येत्यात?"

मी पडद्याजवळ नाक नेलं, आणि दिसलं. बाईंनी चढवलेल्या "किल्ले"मध्ये वेलांटी क ला चिकटलेलीच नव्हती. ती आधी एकटी, अक्षर नसलं की कॉम्प्युटर दाखवतो त्या ठिपक्यांच्या वर्तुळावर बसलेली, आणि मागून क. बाईंना तो पडद्यावरचा डाग वाटला होता. पडदा जुना, चष्मा जुना, आणि बघायची सवय नाही. शोधतानाही बाईंची वेलांटी तशीच सुटी पडायची, म्हणून चुकीला चूक जुळायची आणि पुस्तकं निघायची. आम्ही बरोबर टाइप करायचो, म्हणून आम्हाला काही मिळायचं नाही.

आता हे वेलांटीचं थोडं सांगायला पाहिजे. टाइपरायटरवर, आणि बाईंसाठी तसाच ठेवलेल्या या कीबोर्डवर, पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारतात. "कि" लिहायचं तर आधी वेलांटी, मग क. कागदावर ती डावीकडं असते म्हणून. दुसरी वेलांटी उजवीकडं, ती अक्षरानंतर. तिची काही कटकट नाही. म्हणून तर म्हशी सापडत होत्या! कॉम्प्युटर मात्र डोळ्यानं चालत नाही, कानानं चालतो. आधी क, मग इ. या दोघांचं जमावं म्हणून मधे एक छोटा प्रोग्रॅम बसवलेला असतो, दुभाष्या म्हणू. बाईंनी वेलांटी मारली की दुभाष्यानं ती हातात धरून थांबायचं, अक्षर आलं की जागा बदलून दोन्ही पुढं द्यायची. टर्मिनलचं काम एकच, मधे तोंड घालायचं नाही.

मी करून बघितलं. वेलांटी, क. "कि". झकास. पुन्हा केलं. दहादा केलं. एकदाही चुकलं नाही.

मग काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. "माझ्या हातनं होतंय की! बाई, तुमच्याच हातनं मधे काहीतरी जादा दाबलं जातंय. आता वय झालं, जरा पडद्याकडं बघत जावा की!"

अध्यक्ष म्हणाले, "कीबोर्डवरची की दाबली की बाईंनी. आणखी काय करायचं?" आणि स्वतःच्याच विनोदावर हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी कार्डांचा गठ्ठा नीट केला, चष्मा डबीत ठेवला.

बाई गेल्यावर अध्यक्षांनी मला बाजूला घेतलं. "हे बघ. हातकणंगल्याचा एक माणूस हाय, हेच काम करतोय. त्याला बोलवू. बाईंचा मान हाय, पण यादी अशी इस्कोट झालेली चालायची न्हाय. पुढच्या सोमवारी काय तो एकदाचा कंडका पाडू. बाईंनी दहा कार्डं माझ्यासमोर टाइप करायची. चुकलं तर 'आता बास' असं बाईंना सांगायचं काम तुझं."

"सांगतो," मी म्हणालो. ऐटीत म्हणालो. आज आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

शुक्रवारी दुपारी सहज म्हणून डोकावलो. बाई एकट्याच होत्या. पाठमोऱ्या. आणि टायपिंगचा आवाज येत नव्हता. म्हणजे येत होता, पण नळाची वायसर गेल्यावर येतो तसा. टप. मग खूप वेळानं टप. जवळ गेलो तर बाई उजव्या हाताच्या एका बोटानं टाइप करत होत्या. एक बटण दाबायच्या, मान वर करून पडद्याकडं बघायच्या, मग दुसरं बटण शोधायच्या. डावा हात मांडीवर, मूठ मिटलेली. जिनं अख्ख्या भागाला दहा बोटं शिकवली ती बाई एका बोटानं.

"हे काय वो, बाई?"

"आता चुकत न्हाई बघ," त्या म्हणाल्या. पोरानं गृहपाठ दाखवावा तसं मला दाखवत होत्या. "सगळ्या वेलांट्या बरोबर येत्यात. हळू केलं की होतंय. माझंच मेलीचं कायतरी बिघडलं होतं."

माझ्या डोक्यात कुठंतरी खटकलं. हळू केलं की होतंय. मीसुद्धा हळूच करतो. अध्यक्षही. मग बिघाड बाईंच्या हातात असेल तर हळू करताना कुठं जातो?

"बाई, एकदा पहिल्यासारखं मारा. सगळ्या बोटांनी."

"नको रे. पुन्हा घाण हुईल."

"होऊ दे की घाण! मी हाय की निस्तरायला. मारा!"

त्या बिचकत बिचकत बसल्या. मी खाली वाकून, जवळजवळ गुडघ्यावर बसून, त्यांच्या बोटांकडं बघत राहिलो. आणि पाच मिनिटांत माझं डोकं भिंतीवर आपटावंसं वाटलं. माझी बोटं एक बटण दाबतात, सोडतात, मग दुसरं दाबतात. बाईंचं तसं नव्हतं. वेलांटीवरचं बोट वर यायच्या आधीच दुसरं बोट क वर टेकलेलं असायचं. एक पाय उचलायच्या आत दुसरा पडावा तसं. वेग तिथंच तर असतो. आणि नेमकं त्याच क्षणी वेलांटी सुटून पडत होती.

घरी येऊन कोड उघडलं. मला माहीतच होतं काय दिसणार ते, तरी उघडलं. बाईंनी कार्डं चढवायला घेतली त्याच्या थोडं आधी परदेशातल्या एकानं तक्रार केली होती की भराभर टाइप केलं की अक्षरं गळतात. मी तावातावात एक नियम घातला होता: एक बटण दाबलेलं असताना दुसरं दाबलं गेलं, तर आधीचं जे काही थांबलंय ते ताबडतोब पुढं ढकलून मोकळं व्हायचं. त्याचं काम झालं, त्यानं आभार मानले, मी छाती फुगवून घेतली. आणि इकडं बाईंनी वेलांटीवरचं बोट उचलायच्या आत क दाबला की माझा शहाणा नियम दुभाष्याच्या हातातली वेलांटी हिसकावून पुढं फेकत होता. एकटी. ठिपक्यांच्या वर्तुळावर.

म्हणजे बाई चांगलं टाइप करत होत्या म्हणून चुकत होतं! वाईट करणाऱ्याचं सगळं बरोबर. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, तो मारुती मी बाईंच्या डोक्यावर आणून बसवला होता. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "आधी त्यांना जाऊन सांग. कोड नंतर कर."

"आधी दुरुस्त करतो, मग सांगतो."

"व्हय, म्हंजे तोंड वर करून जाता येईल," ती म्हणाली. तिचं बरोबर होतं, पण मी दुरुस्त करायलाच बसलो.

दुरुस्ती सोपी निघाली. दुभाष्याच्या हातात काही असेल तर माझ्या नियमानं गप्प बसायचं, त्यानं पुढं दिल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही. त्या परदेशातल्याचंही काम बिघडलं नाही. वेळ गेला तो जुन्या कार्डांना. यादीतली प्रत्येक सुटी वेलांटी शोधून तिला तिच्या अक्षरामागं न्यायची, त्यासाठी वेगळा छोटा प्रोग्रॅम लिहिला. पहिल्या झटक्यात त्यानं जोडाक्षरांचा पार चुराडा केला. "स्थिती"तली वेलांटी अर्ध्या स लाच लटकली. रविवारी मटण ताटात गार होत होतं आणि मी जोडाक्षरं मोजत होतो. दुपारी चारपर्यंत सगळं जागेवर आलं. मिरचीसुद्धा.

तसाच बाईंच्या घरी गेलो. त्या कणीक मळत होत्या. उभ्या उभ्या सांगितलं, "बाई, तुमचं काही चुकत नव्हतं. चूक माझ्या प्रोग्रॅममध्ये होती. मीच घातली होती." मग दाबायचं, सोडायचं, दुभाष्या, वेलांटी, सगळं समजावून सांगितलं.

बाईंनी ऐकून घेतलं. "म्हंजे माझे हात बरोबर हायत?"

"एकदम बरोबर. माझ्या प्रोग्रॅमपेक्षा बरोबर."

"फूटपट्टी कुठं ठेवलीया बघते मी," त्या म्हणाल्या, आणि हसल्या. मीही हसलो, हायसं वाटलं. पण मग त्या परातीकडं बघत म्हणाल्या, "तू बोललास त्या दिवसापासनं मी कणीक मळताना पण बोटांकडं बघतीया रे."

मी माफी मागितली. त्यांनी चहा दिला. परत येताना वाटलं, झालं, मिटलं.

कुठलं मिटायला! सोमवारी अध्यक्ष अकराच्या आधीच येऊन बसले होते. मी त्यांना खरं काय ते सगळं सांगितलं, दोष कुणाचा तेही. ते म्हणाले, "ते ऱ्हाऊ दे. इथं टाइप व्हायला पायजे. दहा कार्डं." त्यांचंही खोटं नव्हतं.

बाई बसल्या. चष्मा पुसला. पहिलं कार्ड समोर ठेवलं. आणि उजव्या हाताचं एक बोट पुढं आलं. टप. मान वर. टप. मान वर. डावा हात मांडीवरच.

"बाई, आता दुरुस्त झालंय, बिनधास्त मारा," मी म्हणालो.

"व्हय, व्हय," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा एकच बोट. पहिलं कार्ड संपायला इतका वेळ लागला की अध्यक्षांनी दोनदा घड्याळ बघितलं. "बरोबर हाय," ते म्हणाले, "पण या चालीनं हजारो कार्डं कवा व्हायची वं, बाई?" ते रागावून बोलले नव्हते. म्हणूनच ते जास्त लागलं. बाईंची मान खाली गेली.

मला स्वतःचा इतका राग आला की काय सांगू. प्रोग्रॅम माझा होता म्हणून मला दुरुस्त करता आला. बाईंचे हात मी एका वाक्यात बिघडवले होते, आणि ते माझ्या कुठल्याच कोडमध्ये नव्हते. आणि आता दहा मिनिटांत त्यांचं काम जाणार होतं.

मी टेबलावरचा गठ्ठा उचलला. "बाई, कार्डाकडं बघू नका आणि पडद्याकडंबी बघू नका. मी वाचतो, तुम्ही मारा." आणि परवानगी न घेता वाचायला लागलो. विषय विहिरी, कपाट तिसरं. विषय किल्ले, कपाट पहिलं. मुद्दाम थोडं पुढं पळत होतो. बाईंचं एक बोट मागं पडलं. दोन बोटं आली. मी थांबलो नाही. कपाट सातवं, विषय शिवणकाम. घाईत "व्यवस्थापन"चं "वेवस्थापन" झालं माझं.

"जोडाक्षर खाऊ नकोस!" बाई कडाडल्या. "नीट वाच. व्य! व्यवस्थापन! एवढा इंजिनियर झालास, जीभ अजून तशीच!" आणि रागाच्या भरात डावा हात मांडीवरनं उठला आणि कीबोर्डवर आला.

मग काय विचारता. मी वाचत होतो आणि ते हात माझ्या मागं लागले होते. तिसरं कार्ड, चौथं. सातव्याला ते मला गाठायला लागले. नवव्याला माझ्या तोंडून शब्द पुरा व्हायच्या आत तो पडद्यावर पडलेला असायचा. दहा कार्डं कधी झाली कुणालाच कळलं नाही. बारा झाली, पंधरा झाली. बाईंची नजर समोरच्या भिंतीवर, मान ताठ. अध्यक्ष उठून पडद्यापाशी वाकले होते आणि एकेका ओळीखालून बोट फिरवत सुटी वेलांटी शोधत होते. एकही नव्हती.

मी दम खायला थांबलो. बाईंचे दोन्ही हात कीबोर्डच्या वर, दहाही बोटं वाकवून, तसेच थांबले.

"थांबलास का?" त्या म्हणाल्या. "पुढं वाच."

पुढचं कार्ड माझ्या हातात होतं, पण मला त्यावरचं एक अक्षर दिसेना, डोळेच भरून आलेले. अध्यक्षांनी माझ्या तोंडाकडं एकदा बघितलं, कार्ड माझ्या हातातून काढून घेतलं, खुर्ची बाईंच्या शेजारी ओढली आणि वाचायला सुरुवात केली.